लुचईचे दोन नमुने एक कसे झाले? धान संशोधकांना खुले पत्र

प्रति,
धानाच्या देशी वाणांचे नमुने नेऊन त्यांची डीएनए तपासणी करणारे सर्व शास्त्रज्ञ, मार्गदर्शक, विद्यार्थी आणि त्यांच्या संस्थांचे प्रमुख;
तसेच शेतकरी-वाणाच्या अर्जावर सही करण्याचा अधिकार असलेले सर्व अधिकारी

सप्रेम नमस्कार.

मृगाच्या आधी आमच्या बियाणे गटाला एका संस्थेकडून चार ओळींचं पत्र आलं. आम्ही दिलेल्या धानाच्या नमुन्यांपैकी लुचई या देशी धानाचे दोन नमुने मॉलिक्युलर मार्करच्या (डीएनएवरच्या ठरावीक खुणांच्या) तपासणीत एकसारखे निघाले, म्हणून दुसरा नमुना संग्रहात वेगळा ठेवलेला नाही, एवढाच मजकूर. त्या पत्राची प्रत तालुक्याला गेली आणि तिथे आमचा कागद अडला. शेतकरी-वाण, म्हणजे शेतकऱ्यांनी जपलेला वाण, म्हणून नोंदणीसाठी दोन्ही लुचयांचे वेगवेगळे अर्ज तयार होते. त्यातल्या एकावर सही मिळाली नाही. "शास्त्रज्ञच एक म्हणतात, मग मी दोन कसे लिहू?" असं साहेब म्हणाले. त्यांच्या जागी मी असते तर मीही कदाचित हेच म्हटलं असतं. म्हणून हे पत्र आधी तुम्हाला लिहिते, त्यांना नंतर.

संस्थेचं नाव लिहीत नाही. पत्र एका ठिकाणाहून आलं, पण कामाची रीत मी बऱ्याच ठिकाणी तीच पाहिली आहे आणि माझी तक्रार रीतीबद्दल आहे.

मी नागभीड तालुक्यातली. घरची धानाची शेती आहे, बोडीखालच्या (लहान तळ्याखालच्या) काही बांध्या, म्हणजे बांध घातलेली धानाची शेतं, आणि वर थोडं बरड, म्हणजे उंचावरची हलकी जमीन. कनिष्ठ महाविद्यालयात बरीच वर्षं जीवशास्त्र शिकवलं, त्यामुळे गुणसूत्र, पीसीआर, जेल हे शब्द मला परके नाहीत. गटातल्या बाकी बायांना ते परके आहेत, पण बियाण्यासाठी लोंबी कोणती खुडायची हे त्यांनी मला शिकवलं, मी त्यांना नाही. लुचई, चिन्नोर, हिरानखी, काळी कमोद, दुबराज, गुरमटिया अशी धानं आम्ही दरवर्षी थोडी थोडी लावतो, बियाणं ताजं ठेवतो, मागेल त्याला देतो आणि पुढच्या हंगामात दीडपट परत घेतो. यात पैसा नाही. आधारभूत केंद्रावर धानाचे दर्जे दोनच, 'सर्वसाधारण' आणि 'अ'. चिन्नोर नेली काय आणि एमटीयू १०१० हे सुधारित धान नेलं काय, काट्याला फरक पडत नाही. म्हणून बहुतेक बांध्यांत १०१०, स्वर्णा, जय श्रीराम, एचएमटी हीच धानं दिसतात आणि देशी धान बांधीच्या एका कोपऱ्यात उरलं आहे.

आता लुचईबद्दल. आमच्याकडे या नावाची दोन धानं आहेत. एक बोडीखालच्या खोल बांध्यांत होते, भारी म्हणजे उशिरा पिकणारी आहे, दिवाळीच्या पुढेमागे कापणीला येते. दुसरी बरडाजवळच्या उथळ बांध्यांत होते, हलकी म्हणजे लवकर पिकणारी आहे, दसऱ्याच्या सुमारास तिचा कडपा पडतो. दाणा दोन्हींचा बारीक, भात दोन्हींचा मऊ. ओंजळीत घेऊन विचारलं तर मलाही पटकन सांगता येणार नाही. उभं पीक असेल तर मात्र आमच्या बाया धुऱ्यावरूनच सांगतात. गटातल्या सगळ्यात वयस्कर आजीला तुमच्या पत्राचा मतलब सांगितला तेव्हा त्या म्हणाल्या, "दोनी लुचयाच व्हय, पन एक पान्यातली आन् एक बरडावरची. बरडावरचीले पंधरा रोज पानी नाई आलं तरी तग धरते. बोडीवाली आठ रोजात मान टाकते." मग थोडं थांबून, "त्या साहेबाले म्हना, येका साली बोडीवाली बरडावर लावून पाय."

जागेचा फरक असेल, अशी शंका तुम्ही घ्याल. घ्यायलाच हवी. आम्हीही घेतली होती, म्हणून दोन्हींचे परे (रोपं) एकाच दिवशी टाकून, एकाच बांधीत शेजारी-शेजारी रोवून पाहिले. हलकी आधी निसवली, म्हणजे तिची लोंबी आधी बाहेर आली, भारी बरीच मागून. तारखांची वही आणि फोटो आम्ही नमुन्यांसोबत दिले होते. तुमच्या पत्रात त्यांचा उल्लेख नाही.

हे पत्र शास्त्रज्ञ नसलेले लोकही वाचतील, त्यांच्यासाठी मार्कर म्हणजे काय ते थोडक्यात सांगते. धानाच्या प्रत्येक पेशीत गुणसूत्रांच्या १२ जोड्या असतात. त्यांतला डीएनए म्हणजे चार रासायनिक अक्षरांची लांबच लांब ओळ. अनेक देशांनी मिळून ही ओळ वाचली आणि २००५ मध्ये प्रसिद्ध केली. अकराव्या गुणसूत्राचा काही भाग भारतीय प्रयोगशाळांनी वाचला. ओळीची लांबी सुमारे ३८.९ कोटी अक्षरं. या ओळीत काही जागी दोन-तीन अक्षरं पुन्हा पुन्हा येतात, जीए-जीए-जीए अशी. एका वाणात ती जोडी अकरा वेळा येते, दुसऱ्यात सतरा वेळा. कोवळ्या पानातून डीएनए काढायचा, पीसीआर यंत्रात नेमक्या त्याच जागेच्या असंख्य प्रती करायच्या, त्या जेलमध्ये घालून वीज सोडायची. आखूड तुकडा पुढे पळतो, लांब तुकडा मागे राहतो आणि जेलवर पट्ट्या दिसतात. दोन वाणांच्या पट्ट्या एका रेषेत आल्या तर त्या जागी ते सारखे, मागेपुढे झाल्या तर वेगळे. या जागांना एसएसआर मार्कर म्हणतात. धानातल्या अशा मार्करना 'आरएम' आणि पुढे क्रमांक अशी नावं असतात. २००२ मध्ये एका दमात असे २,२०० हून अधिक नवे मार्कर जाहीर झाले. प्रयोगशाळा त्यांतले काही निवडते, पट्ट्यांचा तक्ता करते, तक्त्यावरून सारखेपणाचे आकडे काढते आणि आकड्यांवरून वाणांचं झाड काढते. जवळचे वाण एका फांदीवर, लांबचे दुसऱ्या फांदीवर.

पद्धत उत्तम आहे. त्याआधीच्या काही पद्धतींचं उत्तर प्रयोगशाळा बदलली की बदलायचं, या मार्करचं सहसा बदलत नाही. शिवाय आई आणि बाप दोघांकडून आलेली रूपं यात वेगवेगळी दिसतात. मी वर्गात हे सगळं फळ्यावर काढून शिकवलं आहे. आमच्या गटात कुणी मार्करच्या विरोधात नाही, हे आधीच सांगून ठेवते, कारण गावच्या बाईनं प्रश्न विचारला की ती विज्ञानाविरुद्ध बोलते असं समजायची घाई पुष्कळांना असते. काही वेळा खरंच एका धानाला तीन गावांत तीन नावं असतात. ते मार्करनं कळलं तर आमचेच दोन वाफे वाचतील.

पण तुमच्या पत्रात मार्कर किती वापरले याचा आकडाच नाही. कोणते वापरले, तेही नाही. ३८.९ कोटी अक्षरांपैकी तुम्ही किती जागा पाहिल्या? वीस, तीस, पन्नास? नात्यागोत्याचा ढोबळ अंदाज घ्यायला तेवढ्या पुरतात, कबूल. दोन धानं एकच आहेत असं ठरवून एकाला संग्रहाबाहेर काढायला त्या पुरतात का? सगळेच मार्कर सारखे बोलके नसतात, हे तुम्ही मला सांगण्याची गरज नाही आणि मी तुम्हाला. मार्कर किती फरक दाखवू शकतो याचं शून्य ते एक असं माप असतं आणि शोधनिबंधात ते प्रत्येक मार्करपुढे लिहिलेलं असतं. ज्या मार्करची साऱ्या संग्रहात दोनच रूपं आहेत, त्यावर दोन लुचया सारख्या दिसल्या यात नवल काय? दोन्ही एकाच मुलखातल्या, बहुधा एकाच जुन्या धानातून फुटलेल्या. त्या जवळच्या असणारच.

माझा खरा आक्षेप याच्या पुढचा आहे. एसएसआरच्या बहुतेक जागा जनुकांच्या बाहेर असतात. रोपाची उंची, लोंबी कधी निसवते, पाणी तुटल्यावर ते तग धरतं का, यांच्याशी त्या जागांचा सहसा थेट संबंध नसतो. म्हणूनच तर नातं मोजायला त्या बऱ्या, निवडीचा परिणाम त्यांच्यावर कमी होतो. पण मग त्याच जागांवरून गुणांचा निवाडा कसा करता? दोन जावांच्या साड्या एकाच दुकानातल्या निघाल्या म्हणून जावा एक होत नाहीत.

धानाचं उदाहरण धानातूनच देते. बासमतीसारख्या सुवासिक धानांत वास येतो तो बहुतेक वेळा आठव्या गुणसूत्रावरच्या एका जनुकात आठ अक्षरं गळाल्यामुळे. साऱ्या ३८.९ कोटींत आठ. बाकी सगळे मार्कर जुळले आणि ही आठ अक्षरं जुळली नाहीत, तर एका घरच्या भाताचा वास गल्लीत जाईल आणि दुसऱ्याचा ताटातही येणार नाही. दुसरं उदाहरण ओडिशातलं. तिथल्या एका देशी धानातून निवडलेला एफआर १३ए हा वाण पूर्ण पाण्याखाली दोन आठवडे राहून पुन्हा उभा राहतो. उत्पन्न कमी, दाणा जाड, कुणाच्या फार कामाचा नव्हता. त्याच्या नवव्या गुणसूत्रावरचं एक जनुक सापडलं, मार्करच्याच मदतीनं ते स्वर्णा वाणात आणलं गेलं आणि २००९ मध्ये स्वर्णा-सब१ भारतात प्रसारित झाला. आता पूर येणाऱ्या बांध्यांत तो लावतात. एफआर १३ए संग्रहात स्वतंत्र टिकला होता म्हणून हे झालं. कुणीतरी पंचवीस-तीस जागा पाहून त्याला शेजारच्या धानात मिळवून टाकलं असतं तर?

लोंबी लवकर निसवणं आणि उशिरा निसवणं हासुद्धा असाच थोड्या जनुकांचा खेळ असू शकतो. सहाव्या गुणसूत्रावरचं एचडी१ किंवा सातव्यावरचं जीएचडी७ तुमच्या विद्यार्थ्यांना तोंडपाठ असतील. आमच्या दोन लुचयांत नेमकं तिथेच काही वेगळं आहे का, हे तुम्ही तपासलंत का? तपासायला आमची हरकत नव्हती, उलट उत्सुकता होती. पावसाचा भरवसा राहिलेला नाही. रोवणीनंतर मोठा खंड पडतो, मामा (माजी मालगुजारी) तलाव पुरता भरत नाही, तेव्हा बरडावरच्या बांधीत हलकी लुचई घरापुरतं तरी पिकवते. आमच्यासाठी फरक हा आहे आणि जगायला तो पुरेसा मोठा आहे.

नमुना घेण्याच्या रीतीबद्दल बोलते, कारण चूक जेलच्या फार आधी, आमच्या ओसरीवरच होते. विद्यार्थी येतो. पोरं चांगली असतात, उन्हातान्हात मोटारसायकलवर येतात, चहा घेतात, मनापासून ऐकतात. ढोलीतून (धान साठवायच्या कणगीतून) एक मूठ धान घेतात, पुडी बांधतात, पुडीवर क्रमांक टाकतात. पुढे प्रयोगशाळेत त्या मुठीतले चार दाणे रुजवतात आणि एका रोपाचं पान घेतात, नाहीतर दोन-चार रोपांची पानं एकत्र वाटतात. आमची लुचई म्हणजे एक रोप नव्हे. धानात परागण स्वतःतच होतं, त्यामुळे एकेक रोप आपला वंश बऱ्यापैकी शुद्ध चालवतं. पण देशी धानाच्या बांधीत असे पुष्कळ वंश शेजारी-शेजारी उभे असतात. थोडी उंच, थोडी बुटकी, थोडी आगेमागे निसवणारी रोपं बाया मुद्दाम ठेवतात. पावसानं दगा दिला तर त्यातलं काहीतरी हाती लागतं. त्यांतल्या एका रोपाचं पान घेतलं तर बाकीची बांधी तुमच्या हिशेबात येतच नाही. पानं एकत्र वाटली तर पट्ट्या एकात एक मिसळतात, जोरदार पट्टी मोजली जाते आणि फिकी सुटते. दोन बांध्यांतलं बहुसंख्य रोप सारखं निघालं आणि फरक अल्पसंख्य रोपांत असला, तर या रीतीनं तो कधीच दिसणार नाही. वैविध्य मोजायला निघालेल्या कामात वैविध्यच पुडीबाहेर राहतं.

पुडीसोबतच्या फॉर्मबद्दलही. 'शेतकऱ्याचे नाव' या रकान्यात सातबारा ज्याच्या नावावर त्याचं नाव लिहिलं जातं. आमच्या गटातल्या एकाही बाईचं नाव एकाही पुडीवर गेलेलं नाही. लोंब्या निवडल्या त्यांनी, वाळवल्या त्यांनी, ढोलीत राख मिसळून ठेवल्या त्यांनी. पुढे पुडीवरचं गावाचं नाव जातं, तालुका उरतो, मग तालुकाही जातो आणि क्रमांक उरतो. एका शोधनिबंधातल्या झाडावर मी आमचा मुलूख शोधत बसले होते. फांद्यांच्या टोकाला नुसते आकडे. पस्तीस आकडे असतील, त्यांतली काळी कमोद कोणती आणि हिरानखी कोणती हे निबंध वाचूनही कळलं नाही.

आणि तो निबंध मला मिळाला तोही योगायोगानं. निकाल सांगायला परत कुणी येत नाही. भारतीय संशोधकाला नुसत्या अभ्यासासाठी नमुना घ्यायला राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची परवानगी लागत नाही, हे मला ठाऊक आहे. मी कायद्याचं बोलत नाही. ज्याच्या घरून बी नेलं त्याला पीक कसं आलं ते सांगायचं, एवढी साधी पद्धत आमच्या बाजूला आहे.

आमच्याच तालुक्यात नांदेड नावाचं गाव आहे. तिथले दादाजी खोब्रागडे तुम्हाला माहीत असतीलच. दीड एकराचा शेतकरी, शिक्षण तिसरीपर्यंत. १९८३ मध्ये पटेल-३ या धानाच्या बांधीत त्यांना काही लोंब्या वेगळ्या दिसल्या. त्या त्यांनी बाजूला काढल्या, वर्षानुवर्षं लावून, निवडून त्यातून वाण उभा केला. त्या काळी मिरवण्याचं घड्याळ एचएमटीचं, म्हणून धानाचं नाव एचएमटी पडलं. आज ते विदर्भाबाहेरही किती तरी लांबपर्यंत पिकतं. १९९८ मध्ये अकोल्याच्या कृषी विद्यापीठाचा पीकेव्ही एचएमटी हा वाण आला, श्रेयावरून वाद झाला, तो वाद मी इथे उकरत नाही. दादाजींना २००५ मध्ये राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, जून २०१८ मध्ये ते गेले. मला एवढंच विचारायचं आहे: त्या पहिल्या लोंब्या आणि त्यांच्याभोवतीचं पटेल-३, दोन्हींची पुडी करून आजच्या रीतीनं मोजक्या मार्करवर तपासायला दिली असती, तर उत्तर काय आलं असतं? बहुधा 'एकसारखे' हेच. आणि ते पत्र दाखवून दादाजींना कुणी सही नाकारली असती.

छत्तीसगड आमच्यापासून लांब नाही. धानशास्त्रज्ञ डॉ. रिछारिया यांनी तिथे धानाचे १९ हजारांहून अधिक नमुने जमवले. २००२ मध्ये तो ठेवा एका बहुराष्ट्रीय बियाणे कंपनीबरोबरच्या कराराच्या वाटेवर होता, लोक रस्त्यावर आले आणि कंपनीला मागे जावं लागलं. तेव्हापासून आमच्याकडे पुडी देताना जुनी माणसं विचारतात, "कोठी चालली हे?" त्यांना उत्तर देता यावं, अशी व्यवस्था तुम्ही केलेली नाही.

आता अधिकारी मंडळींसाठी दोन शब्द. पिकांचे वाण आणि शेतकरी हक्क संरक्षण कायदा २००१ चा आहे. शेतकऱ्याला आपलं बियाणं राखण्याचा, पेरण्याचा, अदलाबदल करण्याचा आणि ब्रँड न लावता विकण्याचाही हक्क त्यात आहे. शेतकरी-वाणाच्या नोंदणीला फी नाही. तुमची सही म्हणजे अर्जदार हा वाण इथे जपतो याला दुजोरा. वाण वेगळा आहे की नाही याचा निवाडा तुम्हाला करायचा नसतो. तो पुढे शेतातल्या चाचणीत होतो, धानासाठी ६२ लक्षणं पाहून: पानाचा रंग, निसवण्याचा काळ, लोंबीची ठेवण, दाण्याची लांबी-रुंदी. शेतकरी-वाणात वेगळी रोपं थोडी जास्त असणार हे गृहीत धरून कायद्यानं तिथे दुप्पट सूट दिली आहे. मग चाचणीच्या दारापर्यंत जायच्या आधीच, जेलच्या एका निकालावर अर्ज का थांबतो?

जाता जाता एक गोष्ट. बासमतीत भेसळ आहे का हे पाहायला डीएनए चाचणी होते, परदेशी जाणाऱ्या मालासाठी तर खासच. आमच्या तालुक्यात दुकानातून आणलेल्या बियाण्याच्या बॅगेतून दोन उंचीचं धान उगवतं, तेव्हा तक्रार निवारण समिती पंचनामा करते आणि हंगाम जातो. बॅगेतलं बियाणं शुद्ध आहे का हे याच मार्करनी काही दिवसांत कळतं, त्याला बांधीत उगवून वाट पाहावी लागत नाही. आमच्या फुकट दिलेल्या पुडीवर मार्कर लागतात आणि पैसे मोजून आणलेल्या बॅगेवर लागत नाहीत, हा क्रम मला समजलेला नाही.

मागण्या साध्या आहेत. हलक्या लुचईचा नमुना संग्रहात स्वतःच्या क्रमांकानं परत ठेवा. टाकून दिला असेल तर तसं लेखी कळवा, आम्ही पुन्हा देऊ. मार्करचा निष्कर्ष शेतातल्या लक्षणांची जागा घेत नाही, असा खुलासा तालुक्याला पाठवा आणि तो मिळेपर्यंत न थांबता अधिकाऱ्यांनी अर्जावर सही करावी.

यापुढे कुठल्याही देशी वाणाला दुसऱ्यासारखा ठरवताना मार्कर किती, कोणते, रोपं किती, त्यातली वेगळी निघालेली किती, हे निकालातच लिहा. नमुना ढोलीतून नको, उभ्या पिकातून घ्या: बांधीभर फिरून, निदान वीस-तीस रोपांच्या लोंब्या वेगवेगळ्या पुड्यांत. यासाठी आणखी एक खेप करावी लागेल, याची कल्पना आहे. फॉर्मवर बियाणं राखणाऱ्या बाईचं नाव, गाव, धानाचं स्थानिक नाव, हलकं की भारी, बोडीखालचं की बरडावरचं हे रकाने असावेत आणि ते शेवटच्या तक्त्यापर्यंत क्रमांकासोबत राहावेत. शक्य तिथे एसएसआरच्या जोडीला निसवण्याचा काळ, वास, गादमाशी या किडीला तोंड देण्याची ताकद यांच्या ठाऊक जनुकांची तपासणी करा. तीन हजारांवर धानांचा अख्खा डीएनए वाचून २०१४ मध्ये जगापुढे ठेवला गेला, त्यामुळे आपल्याकडे साधन नाही हे कारण आता तेवढं पटत नाही.

निकाल पुढच्या रोवणीच्या आत मराठीत, एका पानावर, गावात आणून द्या. ग्रामसभेत वाचू. जैवविविधता कायदा २००२ मध्ये झाला, त्याप्रमाणे ग्रामपंचायतीची जैवविविधता व्यवस्थापन समिती आहे आणि लोकजैवविविधता नोंदवही आहे. आमच्या वहीत धानाची पानं रिकामी आहेत, त्यांत तुमचे निकाल चिकटवू. आणि शीतगृहात ठेवलेल्या बियाण्यातून, आमच्याकडचं एखाद्या वर्षी गेलं तर, मागितल्यावर मूठभर परत मिळेल याची लेखी हमी द्या. नेण्याची सोय आहे, आणण्याची नाही, असं चालणार नाही.

आम्ही नमुने देणं बंद करणार नाही. पण यापुढे प्रत्येक पुडीसोबत आमचा एक पानाचा कागद येईल, त्यात वरच्या अटी असतील आणि नेणाऱ्याची सही झाल्यावरच पुडी हातात पडेल. विद्यार्थ्यांनी यावर रागावू नये, त्यांच्या मार्गदर्शकांनी सही करून पाठवलं तर त्यांचा वेळही वाचेल.

दोन्ही लुचयांचे परे या आठवड्यात एकत्र टाकले आहेत, रोवणीही शेजारी-शेजारी करू. गणपती उठले की बघायला या. हलकी निसवलेली असेल, भारीनं अजून पोटरीही धरलेली नसेल. हवी तितकी पानं दोन्हीकडून घ्या, रोपागणिक वेगळी. येण्याआधी ग्रामपंचायतीत निरोप द्या आणि गाडी डांबरी रस्त्यावरच ठेवा, पांदण त्या दिवसांत बैलगाडीलाही धड नसते.

आपली,
देशी धान राखणाऱ्या महिला गटाच्या वतीनं, एक शेतकरी
तालुका नागभीड, जिल्हा चंद्रपूर